भाऊजींना लागले बंदुकीचे डोहाळे

तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत, जिथे आपली निम्मी मराठी मंडळी औषध कंपन्यांत आणि निम्मी आयटीत, तिथे सध्या एक भलतंच खूळ शिरलंय. आधी खूळ होतं मॅरेथॉनचं; ते गुडघ्यांनी थांबवलं. मग मधमाश्या पाळायचं. ते एका ॲलर्जीनं संपवलं. आता कसलं, तर बंदुकीचं! बरं, नवी कोरी घेतील तर तेही नाही. जुनी, वापरलेली, कुणा परक्या आजोबांच्या हाताच्या घामानं काळी पडलेली सेमी-ऑटोमॅटिक शिकारी रायफल. सत्यनारायणाला जमलेले पुरुष तीर्थप्रसाद घेतात आणि थेट गॅरेज गाठतात. तिथून कानावर काय येतं? "थर्टी-ऑट-सिक्स." "गॅस पिस्टन." "बेल्जियममध्ये घडवलेली." अहो, हेच लोक पूर्वी गॅरेजमध्ये उभे राहून घरकर्जाचे व्याजदर बोलायचे! कलियुग म्हणतात ते हेच.

या साथीचे पहिले रुग्ण म्हणजे आमच्या ह्यांचे मित्र. मी त्यांना भाऊजी म्हणते. नाव विचारू नका, वहिनींनी शपथ घातलीय. मूळचे कोल्हापूरचे, त्यामुळे मटणाचं प्रेम जन्मजात. ऑफिसातल्या एका गोऱ्या सहकाऱ्यानं त्यांना उत्तरेच्या डोंगरात, हरणांच्या शिकारीच्या कँपवर नेलं आणि तिथेच घात झाला. हरीण काही मिळालं नाही. भाऊजी थंडीनं नाक लाल करून परत आले, पण डोळ्यांत जी चमक होती ती पाहून वहिनी म्हणाल्या, "ह्यांना बाहेरचं काहीतरी लागलंय."

पेनसिल्व्हेनियात हे लागणं नवीन नाही म्हणा. इथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी कितीतरी शाळांना सुट्टी असते, का तर पोरं बापाबरोबर हरणामागे जाणार! २०१९ पासून मोसम सोमवारऐवजी आधीच्या शनिवारी सुरू होतो, पण सुट्टी कोण सोडतंय? आपल्याकडे बैलपोळ्याला नाही देत एवढ्या कौतुकानं. आणि जाताना अंगावर भडक केशरी कपडे घालायचे. डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच केशरी रंग दिसलाच पाहिजे असा कायदा. हरणाला तो रंग नीटसा कळत नाही म्हणे, माणसाला कळतो, म्हणून माणूस माणसाला मारत नाही. भाऊजींनी ते जाकीट आणलं तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, "जावईबापू कुठल्या पक्षात गेले?"

तर भाऊजींचं म्हणणं असं. सहकाऱ्याची बंदूक बोल्टची. एक गोळी झाडली की हातानं मूठ वर करायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. तोवर हरीण पुढच्या तालुक्यात. सेमी-ऑटोला ती कटकट नाही. काडतुसाच्या जळत्या वायूतला थोडासा वायू नळीतल्या बारीक भोकातून बाजूला घेतात, तो दांडा मागे रेटतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग नवं काडतूस आत ढकलते. तुम्ही फक्त पुन्हा चाप ओढायचा. शिवाय त्या यंत्रणेमुळे खांद्याला धक्काही मऊ बसतो. हे शेवटचं वाक्य भाऊजींनी वहिनींकडे बघून आणि उजवा खांदा चोळत म्हटलं. पन्नाशीत निम्म्या मंडळाला फ्रोझन शोल्डर झालाय. पण त्यावर औषध म्हणून रायफल घेणारा हा पहिलाच पेशंट!

आमच्या महिला मंडळात पहिली बातमी अर्थातच "मशीनगन" म्हणून पसरली. एकीनं तर मुलांना त्यांच्याकडे गृहपाठाला पाठवणं बंद केलं. तसं नाही हो, मीच समजूत काढली. मशीनगन म्हणजे चाप दाबून धरला की गोळ्या सुरूच. त्या १९३४ पासून कडक नोंदणीखाली आहेत आणि १९८६ नंतर बनलेल्या तर सामान्य माणसाला मिळतच नाहीत. सेमी-ऑटो म्हणजे एकदा चाप, एक गोळी. माझं ऐकून ती बाई म्हणाली, "मग दुसऱ्यांदा चाप ओढायला त्यांना कोण अडवणारंय?" मला उत्तर सुचेना. अजून सुचलेलं नाही.

आता आणखी खमंग ऐका. भाऊजींचं पाहून तरुण पोरंही बिघडली! एच-वन-बी व्हिसावरचे. त्यांना केंद्राच्या कायद्यानं बंदूक बाळगायला बंदी. स्थलांतरित नसलेल्या व्हिसावर आहात ना, मग बंदुकीला हात लावायचा नाही. आपल्याला वाटलं, देव पावला. पण त्याच कायद्यात एक पळवाट आहे: शिकारीचा चालू परवाना खिशात असेल, तर ती बंदी लागू नाही! ज्या पोरांना ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पांढरे करावे लागणार, त्यांना बंदुकीची वाट मात्र शिकारखात्याच्या एका वर्गातून आणि वीस-एकवीस डॉलरच्या परवान्यातून जाते. पुण्याचा एक मुलगा, पाल दिसली तर खुर्चीवर चढणारा, हरणाचा परवाना पाकिटात घालून हिंडतोय. त्याच्या आईला मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका.

आणि एका महाभागानं काय शक्कल काढली? "मी पैसे देतो, बायकोच्या नावावर घेऊ." फ्लॅट बायकोच्या नावावर, गाडी बायकोच्या नावावर, तर बंदूक का नको? आपल्या लोकांना ही सवयच लागलेली. पण दुकानात जो ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरतात, त्यात आधीच विचारतात: खरा खरेदीदार तुम्हीच ना? दुसऱ्याच्या पैशांनी दुसऱ्यासाठी घेऊन तिथे "हो" लिहिलंत, तर तो केंद्राचा गुन्हा. भेट म्हणून घेतली तर चालते, दलालीनं नाही. त्या बाईनं नवऱ्याला विचारलं म्हणे, "तुरुंगातही माझंच नाव लावणार का?"

हा फॉर्म भरला की दुकानदार पोलिसांच्या यंत्रणेत पार्श्वभूमी तपासतो. पण पुढची गंमत बघा. पेनसिल्व्हेनियात शेजाऱ्यानं शेजाऱ्याला पिस्तूल विकायचं तर दुकानदारामार्फत किंवा शेरीफमार्फत जावं लागतं. लांब नळीची रायफल मात्र त्याच राज्यातल्या माणसाला घरच्या घरी विकता येते. म्हणजे जुन्या रायफलींचा बाजार कुठे भरतो? कुणाच्या तरी तळघरात, कॉफी पीत. एवढ्या गुपचूप तर आमच्याकडे भिशीसुद्धा लागत नाही.

आता ज्यांच्यावरून एवढा गहजब चाललाय ती घराणी तरी कसली, ते सांगते. चौकशी केल्याशिवाय आपण सोयरीक करत नाही. या सगळ्या खानदानाचा मूळपुरुष जॉन मोझेस ब्राउनिंग, युटातल्या ऑग्डेन गावचा. बाप बंदुका घडवणारा मॉर्मन. तीन बायका आणि बावीस मुलं. हो, बावीस! हा मुलगा बंदुकांची रचना करून विंचेस्टर कंपनीला ठोक रकमेला विकायचा. पुढे त्यानं आपोआप भरणारी शॉटगन काढली आणि म्हणाला, आता ठोक नाही, प्रत्येक नगामागे पैसे. विंचेस्टरवाले म्हणाले, जमणार नाही. झालं, वर्षानुवर्षांचं सूत तुटलं. १९०२ च्या जानेवारीत तो रेमिंग्टनच्या प्रमुखाला भेटायला गेला, बाहेर ताटकळत बसला, आणि आतून निरोप आला की साहेब हृदयविकारानं गेले! मग स्वारी थेट बेल्जियमला, एफएन कंपनीकडे. असले योगायोग आपल्या मालिकांतही दाखवत नाहीत. पुढे रेमिंग्टनशी जमलं ते जमलंच. १९०६ साली त्याच्याच रचनेची सेमी-ऑटो शिकारी रायफल बाजारात आली, तिला नंतर मॉडेल ८ म्हणू लागले. १९३४ मध्ये बॉनी आणि क्लाइड या दरोडेखोर जोडप्याला लुईझियानात पोलिसांनी टिपलं, तेव्हा पोलिसांकडे मॉडेल ८ होती. आणि क्लाइडची लाडकी बंदूक कुठली? लष्कराच्या कोठारातून चोरलेली ब्राउनिंग ऑटोमॅटिक रायफल. दोन्ही बाजूंना डोकं एकाच माणसाचं!

भाऊजींच्या मनात दोनच स्थळं. पहिलं रेमिंग्टन ७४२, वूड्समास्टर म्हणतात तिला. १९६० ते १९८० या काळात दहा लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे प्रत्येक दुकानात एक तरी कोपऱ्यात उभी असते. दिसायला देखणी, किमतीला नरम. दुसरं स्थळ ब्राउनिंग बीएआर. ही त्या क्लाइडवाली लष्करी बीएआर नव्हे बरं का. नाव तेच, पण ही मूळपुरुषाच्या नातवानं, ब्रूस ब्राउनिंगनं, शिकारीसाठी रचलेली. १९६७ साली बाजारात आली, घडवली बेल्जियममध्ये. तिचा भाव चढा. भाऊजी म्हणायचे, "बेल्जियमची आहे हो." जसं काही ते बेल्जियमला वीकेंडला जातात.

शेवटी एका शनिवारी आम्ही चौघं लँकेस्टरच्या बाजूच्या एका दुकानात गेलो. मी का गेले? वहिनींना सोबत म्हणून. उगीच संशय घेऊ नका. भिंतीवर बारशिंग्यांची मुंडकी, खाली काउंटर, काउंटरमागे सत्तरीचे एक गृहस्थ. भाऊजींनी ७४२ कडे बोट दाखवलं. चिठ्ठीवर चारशे पंचाहत्तर डॉलर. वहिनींचा चेहरा खुलला. स्वस्तात आटोपतंय म्हणून.

त्या म्हाताऱ्यानं ती बंदूक खाली घेतली, मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढून अडकवला, आत काडतूस नाही हे डोळ्यांनी आणि करंगळीनं दोनदा तपासलं आणि मग बंदूक द्यायच्या ऐवजी भाऊजींच्या हातात छोटी बॅटरी दिली. "आत बघा," म्हणाला. आम्ही चौघांनी आळीपाळीनं त्या उघड्या खिडकीतून डोकावलं. आत, रिसीव्हरच्या दोन्ही कुशींत, बोल्ट ज्यांवरून मागे-पुढे धावतो त्या पट्ट्या. त्या गुळगुळीत असायला हव्यात. इथे त्यांच्यावर सलग आडव्या खाचा पडलेल्या, कडा भुगा होऊन सांडलेल्या. म्हातारा समजावून सांगू लागला. बोल्टच्या डोक्यावर बारीक बारीक दाते असतात. गोळी सुटली की बोल्ट फिरून मोकळा होतो आणि मागे पळताना ते दाते या पट्ट्यांवर आपटत जातात. वर्षानुवर्षांच्या आपटण्यानं पट्ट्या खरवडतात, मग बोल्ट अडखळायला लागतो आणि एके दिवशी मध्येच रुतून बसतो. चेंबरला गंज असेल तर आणखीच मजा: पुंगळी आत चिकटते आणि ओढणारा आकडा तिची कड फाडून मोकळाच मागे येतो. या नगांना म्हणूनच इथे "जॅम-ओ-मॅटिक" म्हणतात.

भाऊजी म्हणाले, "पट्ट्या बदलून मिळतील ना?" म्हातारा हसला. पट्ट्या रिसीव्हरच्याच अंगच्या. आणि कायद्याच्या दृष्टीनं रिसीव्हर म्हणजेच बंदूक. नंबर त्याच्यावरच कोरलेला. तो बदलणं म्हणजे दुसरी बंदूक घेणं. बरं, माहेरी पाठवावी म्हटलं तर माहेर राहिलंय कुठे? १८१६ साली सुरू झालेली रेमिंग्टन २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळ्यात निघाली, तुकडे तुकडे विकली गेली, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावचा जुना कारखाना २०२४ मध्ये बंद झाला. वहिनी हळूच माझ्या कानात म्हणाल्या, "चारशे पंचाहत्तर डॉलरचा पडद्याचा दांडा." मी हसू दाबायला बारशिंग्याकडे बघितलं.

मग दुसरं स्थळ पुढे आलं. ब्राउनिंग बीएआर, सत्तरच्या आसपासची, बेल्जियमची. काय ती अक्रोडाची नक्षी, काय तो निळसर काळा रंग! भाऊजींनी ती खांद्याला लावली आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसा लग्नाच्या अल्बममध्येही दिसत नाही. वहिनींनी ते टिपलं. मी वहिनींना टिपताना टिपलं.

पण म्हातारा भला माणूस. त्यानं स्क्रूड्रायव्हर काढला आणि दस्त्याच्या मागची पट्टी सोडवायला घेतली. म्हणाला, त्या काळात ब्राउनिंगच्या कितीतरी बंदुकांना जे लाकूड लावलं, ते झटपट सुकावं म्हणून मिठात मुरवलेलं होतं. म्हणजे आपण लोणच्याच्या फोडी मुरवतो तसं, अक्रोडाचं लाकूड! फोडी बरणीत राहतात, हे लाकूड लोखंडाला चिकटून राहिलं. दमट हवा लागली की मीठ ओलावा ओढतं आणि लाकडाखाली, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, पोलाद गंजत जातं. वरून लखलखीत, आतून पोखरलेलं. साठच्या दशकाचा शेवट आणि सत्तरच्या दशकाची सुरुवात, या काळातला माल असेल तर आधी स्क्रू काढून बघायचे. स्क्रूंवर तपकिरी खरपुडी धरलेली असेल, तर दुकानातून मुकाट बाहेर पडायचं.

या स्क्रूंवर गंज नव्हता. तरी खात्री करायची असेल, म्हातारा म्हणाला, तर पट्टीखालच्या कोऱ्या लाकडावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. पांढरं पडलं तर मीठ आहे. हे ऐकून आमचे हे जे फुलले! औषध कंपनीत वीस वर्षं मीटिंगाच केल्या, पण बारावीच्या प्रॅक्टिकलला क्लोराइड ओळखल्याची आठवण अजून ताजी. "सफेद अवक्षेप!" असं दुकानात मोठ्यानं म्हणाले. दोन केशरी टोप्यावाले वळून बघायला लागले.

इतकं सगळं जुळलं. गंज नाही, पट्ट्या नीट, चेंबर चकचकीत, भाव घासाघीस करण्याजोगा. भाऊजींनी पाकिटाला हात घातला. आणि मैत्रिणींनो, इथे वहिनींनी पर्समधून शिकारखात्याच्या नियमांची पुस्तिका काढली. परवान्याबरोबर येते ती. भाऊजींनी ती उघडलीही नव्हती. वहिनींनी मात्र पिवळ्या पेनानं रेघा मारून ठेवल्या होत्या. सोसायटीचे पोटनियम पाठ असलेली बाई ही. भर दुकानात म्हणाल्या, "अहो, पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटो रायफल चालतच नाही!"

टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, पण भाऊजींचं अवसान पडलं.

खरंय हो ते! या राज्यात हरीण, अस्वल यांसारख्या मोठ्या शिकारीला हातानं भरायचीच रायफल लागते: बोल्ट, लिव्हर किंवा पंप. २०१६ साली विधिमंडळानं कायदा बदलून सेमी-ऑटोला मुभा द्यायचा अधिकार शिकारखात्याला दिला. सगळ्यांना वाटलं, आता सुटली गाडी. पण खात्यानं शिकाऱ्यांनाच विचारलं, आणि बहुसंख्य म्हणाले, मोठ्या शिकारीला नको बाबा! मग २०१७ मध्ये लहान शिकारीला आणि कायोटी-कोल्ह्यांसारख्या केसाळ प्राण्यांना परवानगी मिळाली, हरणाला नाही. बंदूकवाल्यांनीच बंदूक नको म्हटल्याचं असं उदाहरण अमेरिकेत शोधून सापडायचं नाही. म्हणजे भाऊजींनी ही बीएआर विकत घेतली असती, कपाटात ठेवली असती, तिला तेल घातलं असतं, गोळीबाराच्या मैदानावर नेऊन कागदाला भोकं पाडली असती. फक्त जिच्यासाठी घेतली त्या हरणासमोर ती नेता आली नसती. एवढा सोवळा संसार कुणी केलाय?

वहिनींची दुसरी पिवळी रेघ तर याहून भारी. आपण राहतो ते चेस्टर, मॉन्टगोमेरी, बक्स, डेलावेअर हे परगणे आणि फिलाडेल्फिया, इथे दाट वस्तीमुळे खास नियम आहेत. हरणाला काडतुसाची रायफल मुळात चालतच नाही. शॉटगन चालते. आणि ऐका, ती शॉटगन सेमी-ऑटो असली तरी चालते! म्हणजे घराजवळ सेमी-ऑटो चालेल पण रायफल नको. उत्तरेच्या डोंगरात रायफल चालेल पण सेमी-ऑटो नको. भाऊजींनी ज्या दोन गोष्टी एकत्र मागितल्या, त्या या राज्यात एकत्र नांदत नाहीत.

म्हातारा गालातल्या गालात हसत होता. त्याला हे ठाऊक नव्हतं थोडंच! त्यानं मागून तिसरी बंदूक काढली. अगदी त्या ७४२ चीच बहीण वाटावी अशी. तोच बांधा, तेच लाकूड. पण ही रेमिंग्टन ७६०, गेममास्टर, १९५२ सालची रचना. पंपाची. पुढचा लाकडी हात मागे-पुढे केला की भरते. वायू नाही, पिस्टन नाही. सेमी-ऑटो चालत नाही म्हणूनच पेनसिल्व्हेनियातल्या शिकाऱ्यांनी हिला डोक्यावर घेतलं, आणि सरावलेला हात ती इतक्या भराभर चालवतो की तिला गमतीनं "आमिश मशीनगन" म्हणतात. आमिश म्हणजे लँकेस्टरकडचे ते घोडागाडीतून फिरणारे, घरात वीज न घेणारे लोक. दुकानाच्या खिडकीतून नेमकी त्यांचीच एक बग्गी जाताना दिसली. वहिनी म्हणाल्या, "बघा, ते लोक एवढे साधे आणि तुम्हाला बेल्जियमची हवी."

भाऊजींनी त्या दिवशी काहीच घेतलं नाही. घरी येताना गाडीत कुणी बोललं नाही. पण रात्री त्यांनी डॅलसच्या भाच्याला फोन लावला, आणि तिथून नवी फोडणी पडली. टेक्सासात म्हणे असल्या नियमांची भानगडच नाही. रानडुकरांनी शेतं उकरून धुमाकूळ घातलाय, त्यांना मोसम नाही, संख्येची मर्यादा नाही, खासगी जमिनीवर २०१९ पासून परवानाही लागत नाही. सेमी-ऑटो? खुशाल. २०११ पासून पैसे मोजून हेलिकॉप्टरमधून डुकरं मारता येतात, आणि २०१७ मध्ये त्यांनी गरम हवेच्या फुग्यातूनही मारायला मुभा दिली. फुग्यातून! मी सिंधुदुर्गातल्या मामांना सांगितलं तर ते गप्पच झाले. त्यांच्याकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक आहे; दारू ठासा, गज मारा, तोवर डुक्कर भात खाऊन घरी. निवडणूक लागली की तीही पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. "आमच्याकडं सेमी-ऑटो म्हटलं तर कलेक्टर चहा पण पाजणार नाही," म्हणाले. बरोबरच आहे, आपल्याकडे तसली शस्त्रं सर्वसामान्यांना निषिद्ध गटात मोडतात, आणि शिकारीचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंच आटोपलं.

एक गोष्ट मात्र चेष्टेत घालवणार नाही. वहिनींचा विरोध मटणाला नव्हता की पैशाला नव्हता. त्यांची धाकटी इथल्या शाळेत जाते, आणि त्या शाळेत दार लावून, दिवे घालवून, कोपऱ्यात गप्प बसायचा सराव घेतात. कुणी बंदूक घेऊन आत शिरलं तर काय करायचं याचा. भाऊजी सांगत राहिले की ह्या तसल्या बंदुका नव्हेत. १९९४ च्या केंद्राच्या बंदी-कायद्यात, जो २००४ मध्ये संपला, सोडून द्यायच्या शिकारी बंदुकांच्या यादीत ब्राउनिंग बीएआर नावानिशी होती. खरं आहे ते. पण नऊ वर्षांच्या मुलीला कोपऱ्यात बसवताना कुणी यादी वाचून दाखवत नाही, असं वहिनी म्हणाल्या आणि उठून भाकऱ्या थापायला गेल्या. मग ठरलं असं: आधी किल्ली-कुलपाचं लोखंडी कपाट, त्याची किल्ली वहिनींकडे, काडतुसं वेगळ्या जागी, आणि मग बंदुकीचं नाव.

आता मंडळातले बाकीचे नवरेही चुळबुळायला लागलेत, म्हणून सगळ्यांसाठी माझा निकाल एकदाच देऊन टाकते. म्हणजे पुन्हा गॅरेजमध्ये कुजबुजायला नको. पेनसिल्व्हेनियात राहत असाल आणि हरीण मारायचं असेल, तर सेमी-ऑटो रायफल घेऊच नका, जुनी नाही की नवी नाही. पंपाची ७६० किंवा साधी बोल्टची घ्या. टेक्सासकडे असाल, तर बीएआर बघायला हरकत नाही. पण आधी दस्त्याची पट्टी सोडवून स्क्रू बघा, बेल्जियमचं नाव ऐकून विरघळू नका. ७४२ कितीही स्वस्त मिळाली तरी बॅटरीनं आत डोकावल्याशिवाय पाकीट काढू नका, आणि पट्ट्यांवर खाचा दिसल्या तर फुकटही घेऊ नका. व्हिसावर असाल तर परवान्याची मुदत संपण्याचा दिवस लिहून ठेवा, बंदुकीचा हक्क त्या कागदावरच उभा आहे. आणि बायकोच्या नावावर फ्लॅट घ्या, बंदूक नको.

भाऊजींनी शेवटी ७६० घेतली. मोसम उघडायचाय. वहिनींनी फ्रीजरचा एक कप्पा रिकामा केलाय, पण त्यात सध्या मोदकच ठेवलेत.